एड्युरोम

एड्युरोम ही विद्यापीठे, महाविद्यालये आणि संशोधन संस्था यांच्या आवारांत बिनतारी इंटरनेट वापरता यावे यासाठी उभारलेली आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा आहे. सहभागी संस्थेतील विद्यार्थी, अध्यापक, संशोधक व कर्मचारी आपल्या मातृसंस्थेने दिलेले सदस्यनाम आणि पासवर्ड वापरून इतर कोणत्याही सहभागी संस्थेच्या वाय-फायला जोडले जाऊ शकतात. त्यासाठी पाहुण्या व्यक्तीला यजमान संस्थेकडे वेगळे खाते मागावे लागत नाही. व्यवस्था नीट बसवलेली असेल, तर तिचा पासवर्ड यजमान संस्थेला कळतही नाही. ओळख पटवण्याचे काम मातृसंस्था करते आणि इंटरनेट पुरवण्याचे काम यजमान संस्था करते, ही विभागणी या सेवेचा पाया आहे.

या सेवेची कल्पना इ.स. २००२ मध्ये नेदरलँड्समधून पुढे आली आणि इ.स. २००३ मध्ये सेवा सुरू झाली. आता ती १०० हून अधिक देशांत उपलब्ध आहे. भारतात तिचे राष्ट्रीय संचालन अर्नेट इंडिया ही संस्था करते. वापरकर्त्याला या सेवेसाठी यजमान संस्थेला शुल्क द्यावे लागत नाही.

नाव

एड्युरोम हे नाव 'एज्युकेशन' आणि 'रोमिंग' या दोन इंग्रजी शब्दांपासून बनले आहे. सहभागी संस्थांतील बिनतारी नेटवर्कचे नावही, म्हणजे फोन किंवा लॅपटॉपवर दिसणारा एसएसआयडी, सर्वत्र हेच असते व ते लहान रोमन अक्षरांत लिहिले जाते. नाव सगळीकडे सारखे असल्यामुळे एका विद्यापीठात एकदा मांडणी केलेले उपकरण दुसऱ्या शहरातील किंवा देशातील विद्यापीठात पोहोचल्यावर आपोआप जोडले जाते. याच सारखेपणामुळे बनावट नेटवर्क उभारणाऱ्याचे कामही सोपे होते (पहा: सुरक्षा). एड्युरोम हे नोंदणीकृत व्यापारचिन्ह असून सेवेच्या अटी पाळणाऱ्या संस्थांनाच ते वापरता येते.

पार्श्वभूमी

विद्यापीठे आणि बिनतारी संगणक जाळी यांचा संबंध वाय-फायपेक्षा जुना आहे. हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेले अलोहानेट इ.स. १९७१ मध्ये कार्यान्वित झाले. वेगवेगळ्या बेटांवरील वापरकर्त्यांना त्याद्वारे ओआहू बेटावरील मध्यवर्ती संगणकाशी रेडिओ लहरींनी जोडले जात असे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात ॲलेक्स हिल्स यांच्या पुढाकाराने इ.स. १९९३ मध्ये 'वायरलेस अँड्र्यू' हा प्रकल्प सुरू झाला. विद्यापीठाच्या आवारात बिनतारी इंटरनेट पुरवणारा हा आरंभीचा मोठा प्रयोग मानला जातो. आयईईई ८०२.११ हे मानक इ.स. १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. इ.स. १९९९ मधील ८०२.११बी या सुधारित मानकानंतर बिनतारी जोडणी स्वस्त झाली आणि विद्यापीठांची ग्रंथालये, व्याख्यानगृहे व वसतिगृहे यांत ॲक्सेस पॉइंट बसू लागले.

या विस्ताराबरोबर दोन प्रश्न उभे राहिले. पहिला प्रश्न सुरक्षेचा होता. सुरुवातीच्या वाय-फाय उपकरणांतील डब्ल्यूईपी ही संरक्षण पद्धत सदोष असल्याचे स्कॉट फ्लुरर, इत्सिक मँटिन आणि अदी शमीर यांनी इ.स. २००१ मध्ये दाखवून दिले. दुसरा प्रश्न पाहुण्यांचा होता. परिषद, संशोधन भेट, परीक्षक म्हणून नेमणूक किंवा विद्यार्थी-अदलाबदल अशा निमित्तांनी विद्यापीठात बाहेरचे लोक सतत येत असतात. त्यांना इंटरनेट देण्यासाठी पुढील मार्ग वापरले जात असत.

• खुले नेटवर्क: कोणालाही पासवर्डशिवाय जोडता येते. मात्र हवेतून जाणारी माहिती कूटबद्ध नसते आणि गैरवापर झाल्यास तो कोणी केला हे समजत नाही.

• सामायिक पासवर्ड: सर्वांसाठी एकच पासवर्ड असतो. तो फळ्यावर किंवा सूचनाफलकावर लिहिला गेला की गुप्त राहत नाही आणि बदलायचा झाल्यास सगळ्यांचाच बदलावा लागतो.

• लॉगिन पान: जोडणी झाल्यावर ब्राउझरमध्ये एक पान उघडते व त्यात सदस्यनाम-पासवर्ड भरावा लागतो. ही पद्धत आजही व्यापक आहे. तथापि असे पान बनावट तयार करणे सोपे असते आणि पाहुण्यासाठी तात्पुरते खाते कोणाला तरी उघडून द्यावेच लागते.

• व्हीपीएन: पाहुण्याला यजमान आवारातून केवळ त्याच्या मातृसंस्थेच्या सर्व्हरपर्यंत जाऊ दिले जाते आणि पुढील सर्व वाहतूक तेथून होते. यात माहितीला दूरचा वळसा पडतो आणि सहभागी संस्थांची यादी प्रत्येक यजमानाला सांभाळावी लागते.

इतिहास

नेदरलँड्समधील शैक्षणिक व संशोधन नेटवर्क चालवणाऱ्या सर्फनेट या संस्थेतील क्लास विरेंगा यांनी इ.स. २००२ मध्ये वेगळा मार्ग सुचवला. युरोपातील शैक्षणिक नेटवर्कांची संघटना असलेल्या तेरेना येथे तेव्हा फिरत्या वापरकर्त्यांच्या प्रश्नावर कार्यगट स्थापन करण्याची तयारी चालू होती. आयईईई ८०२.१एक्स हे प्रवेशनियंत्रणाचे मानक आणि रेडियस ही ओळख पडताळण्याची जुनी, सर्वत्र रुळलेली पद्धत यांची सांगड घालावी, अशी त्यांची कल्पना होती. दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेट घेण्याच्या काळापासून रेडियस सर्व्हर अनेक संस्थांकडे होतेच. ते एकमेकांना जोडले, तर प्रत्येक संस्थेला दुसऱ्या संस्थेच्या सदस्यांची माहिती साठवून ठेवण्याची गरज उरणार नव्हती.

इ.स. २००३ मध्ये या कार्यगटाच्या अंतर्गत सेवा सुरू झाली. प्रारंभी नेदरलँड्स, जर्मनी, फिनलंड, पोर्तुगाल, क्रोएशिया आणि युनायटेड किंग्डम येथील मोजक्या संस्था तीत होत्या. डिसेंबर २००४ मध्ये ऑस्ट्रेलिया हा युरोपाबाहेरचा पहिला सहभागी देश ठरला. पुढे युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्यातून चालणाऱ्या जेआँ प्रकल्पांद्वारे सेवेचा विकास झाला. इ.स. २०१४ मध्ये तेरेना आणि दांते या संस्थांच्या एकत्रीकरणातून जेआँ ही संघटना साकारली व एड्युरोमची जबाबदारी तिच्याकडे आली. विविध खंडांच्या प्रतिनिधींची एक जागतिक नियामक समिती सेवेचे सामाईक नियम ठरवते.

सेवेच्या रचनेचे तांत्रिक वर्णन आरएफसी ७५९३ या दस्तऐवजात आहे. क्लास विरेंगा, स्टेफान विंटर आणि टोमाश वोल्नेविच यांनी लिहिलेला हा दस्तऐवज सप्टेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

रचना

एड्युरोममध्ये सहभागी संस्था दोन भूमिका बजावू शकते. आपल्या सदस्यांची ओळख पटवून देणारी संस्था ही मातृसंस्था होय, तर आपल्या आवारात नेटवर्क उपलब्ध करून देणारी संस्था ही यजमान संस्था होय. बहुतेक विद्यापीठे दोन्ही भूमिका बजावतात. काही देशांत विमानतळ, रेल्वे स्थानके आणि सार्वजनिक ग्रंथालये केवळ यजमान म्हणून सहभागी आहेत.

या संस्थांचे रेडियस सर्व्हर उतरंडीने जोडलेले असतात. तळाशी संस्थेचा सर्व्हर, त्यावर देशाचा सर्व्हर आणि सर्वांत वर आंतरराष्ट्रीय सर्व्हर अशी ही रचना आहे. कोणताही सर्व्हर सर्व संस्थांची यादी बाळगत नाही. आलेली विनंती आपल्या कक्षेतील असेल तर खाली आणि नसेल तर वर पाठवायची, इतकेच त्याला ठाऊक असावे लागते. टपाल खात्यात पत्रावरील पत्ता पाहून ते आधी देशाकडे, मग शहराकडे आणि शेवटी घराकडे पोहोचवले जाते, तसेच हे काम चालते.

येथे पत्त्याचे काम सदस्यनामाचा उत्तरार्ध करतो. एड्युरोमचे सदस्यनाम ई-मेल पत्त्यासारखे असते. ॲट चिन्हाच्या आधी व्यक्तीचे नाव व नंतर संस्थेचे क्षेत्रनाम येते. भारतीय संस्थांच्या क्षेत्रनामाच्या शेवटी असलेल्या 'डॉट इन'मुळे विनंती भारताकडे पाठवायची हे कळते. ज्यांच्या क्षेत्रनामात देशाचा निर्देश नसतो, अशा 'डॉट एड्यू' किंवा 'डॉट ओआरजी' वापरणाऱ्या संस्थांसाठी सर्व्हरमध्ये स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. इ.स. २०१५ मधील आरएफसी ७५८५ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीने योग्य सर्व्हर डीएनएसवरून शोधण्याचीही सोय आहे.

कार्यपद्धती

मुंबईतील एखाद्या सहभागी संस्थेची विद्यार्थिनी ॲमस्टरडॅममधील सहभागी विद्यापीठात गेली, असे उदाहरण घेतल्यास प्रक्रिया पुढीलप्रमाणे घडते.

१. विद्यार्थिनीचा लॅपटॉप एड्युरोम हे नाव ओळखून जवळच्या ॲक्सेस पॉइंटशी संपर्क साधतो. ओळख पटेपर्यंत ॲक्सेस पॉइंट त्याला पडताळणीच्या संदेशांखेरीज काहीही पाठवू देत नाही.

२. लॅपटॉप आपले बाह्य सदस्यनाम सांगतो. यात संस्थेचे क्षेत्रनाम खरे असावे लागते. व्यक्तीच्या नावाच्या जागी निनावी असा शब्द चालतो.

३. यजमान विद्यापीठाचा सर्व्हर क्षेत्रनाम पाहतो. ते आपले नसल्यामुळे तो विनंती नेदरलँड्सच्या राष्ट्रीय सर्व्हरकडे पाठवतो. तेथून ती आंतरराष्ट्रीय सर्व्हरकडे, मग भारताच्या राष्ट्रीय सर्व्हरकडे आणि अखेर मुंबईतील मातृसंस्थेकडे पोहोचते.

४. मातृसंस्थेचा सर्व्हर आपले डिजिटल प्रमाणपत्र पाठवतो. लॅपटॉप ते तपासतो आणि दोघांमध्ये कूटबद्ध मार्ग तयार होतो. या मार्गाला बोगदा असे म्हटले जाते.

५. खरे सदस्यनाम आणि पासवर्ड यांची पडताळणी या बोगद्यातूनच होते. मधले सर्व्हर केवळ बंद पाकीट पुढे नेतात. आतील मजकूर त्यांना वाचता येत नाही.

६. मातृसंस्था होकार देते. होकाराबरोबर एक गुप्त किल्ली यजमान संस्थेकडे येते व तिच्या आधारे लॅपटॉप आणि ॲक्सेस पॉइंट यांच्यामधील रेडिओ संपर्क कूटबद्ध केला जातो. प्रत्येक वापरकर्त्याची किल्ली वेगळी असते.

सर्व टप्पे सुरळीत पार पडल्यास ही प्रक्रिया सामान्यतः काही सेकंदांत पूर्ण होते. जोडणी झाल्यावर विद्यार्थिनीची इंटरनेट वाहतूक मुंबईमार्गे जात नाही. ती थेट यजमान विद्यापीठाच्या नेटवर्कमधून होते व तिला आयपी पत्ताही यजमानाकडूनच मिळतो.

या शेवटच्या बाबीचा परिणाम ग्रंथालयीन साहित्याच्या वापरावर होतो. अनेक संशोधन नियतकालिके वर्गणीदार संस्थेचा आयपी पत्ता पाहून खुली होतात. त्यामुळे पाहुण्याला यजमान संस्थेने वर्गणी भरलेली नियतकालिके प्रकाशकाच्या करारानुसार आवारात वाचता येऊ शकतात. स्वतःच्या संस्थेची नियतकालिके मात्र केवळ एड्युरोमने जोडल्यामुळे उघडत नाहीत; त्यासाठी व्हीपीएन किंवा ओळख-महासंघाची स्वतंत्र सोय लागते.

सुरक्षा

पासवर्डची जोखीम

एड्युरोमसाठी वापरला जाणारा पासवर्ड अनेक संस्थांत इतर सेवांसाठीही तोच असतो. ई-मेल, परीक्षा अर्ज, गुणपत्रक, शुल्कभरणा आणि ग्रंथालय खाते यांची दारे त्याच एका पासवर्डने उघडत असतील, तर तो चोरीला गेल्यास होणारी हानी इंटरनेट जोडणीपुरती मर्यादित राहत नाही. म्हणून एड्युरोमच्या सुरक्षेचा विचार प्रामुख्याने पासवर्डच्या संरक्षणाभोवती फिरतो.

सेवेत वापरल्या जाणाऱ्या पडताळणी पद्धतींपैकी पीईएपी आणि ईएपी-टीटीएलएस या पद्धतींत पासवर्ड बोगद्यातून पडताळला जातो. ईएपी-टीएलएस पद्धतीत पासवर्ड नसतोच. त्याऐवजी वापरकर्त्याच्या उपकरणात त्याचे स्वतःचे डिजिटल प्रमाणपत्र ठेवले जाते. ही पद्धत अधिक सुरक्षित मानली जाते, परंतु प्रत्येक सदस्याला प्रमाणपत्र देण्याची व ते वेळोवेळी बदलण्याची यंत्रणा संस्थेला उभारावी लागते.

बनावट ॲक्सेस पॉइंट

नेटवर्कचे नाव हे ओळखीचा पुरावा नसते. कोणीही स्वतःच्या ॲक्सेस पॉइंटला एड्युरोम हे नाव देऊन तो ग्रंथालयाबाहेर किंवा उपाहारगृहात चालू करू शकतो. परिसरातील फोन खिशात असतानाही त्याच्याशी आपोआप संपर्क साधतात. अशा वेळी बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला मातृसंस्थेचा सर्व्हर आहे की हल्लेखोराचा, हे समजण्याचा मार्ग म्हणजे सर्व्हरच्या प्रमाणपत्राची तपासणी. प्रमाणपत्र कोणत्या प्राधिकरणाने दिले आणि त्यावरील सर्व्हरचे नाव मातृसंस्थेचेच आहे का, या दोन्ही गोष्टी उपकरणाने पडताळाव्या लागतात. दोहोंपैकी एक जरी वगळली तरी बोगदा भलत्याच ठिकाणी उघडू शकतो.

उपकरणात तपासणी बंद ठेवली असेल, तर ईएपी-टीटीएलएसच्या काही मांडण्यांमध्ये हल्लेखोराला पासवर्ड जसाच्या तसा मिळतो. पीईएपीमध्ये सहसा वापरल्या जाणाऱ्या एमएस-चॅप आवृत्ती २ या पद्धतीत त्याच्या हाती प्रश्नोत्तराची एक जोडी लागते. मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी इ.स. २०१२ मध्ये डेफकॉन परिषदेत दाखवले की, या जोडीवरून मूळ गुपित काढण्याचे काम डीईएस पद्धतीची ५६ बिटांची एक किल्ली शोधण्याइतकेच अवघड आहे. त्यामुळे बोगद्याबाहेर ही पद्धत सुरक्षित मानली जात नाही.

अनेक वर्षे वापरकर्ते हाताने मांडणी करताना 'प्रमाणपत्र तपासू नये' हा पर्याय निवडत असत, कारण त्यामुळे जोडणी लगेच होई. डिसेंबर २०२० मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनसाठी आलेल्या अँड्रॉइड ११ च्या सुधारणेत हा पर्याय काढून टाकण्यात आला. परिणामी ज्या संस्थांच्या मार्गदर्शक सूचना त्या पर्यायावर अवलंबून होत्या, त्यांना त्या बदलाव्या लागल्या.

सर्व्हरांमधील संपर्क

रेडियस ही पद्धत जुनी असल्याने तिच्या संरक्षणात एमडी५ हे आता कालबाह्य ठरलेले गणित वापरले जाते. जुलै २०२४ मध्ये 'ब्लास्ट-रेडियस' या नावाने तिच्यातील एक त्रुटी जाहीर झाली. ईएपी संदेशांमध्ये अखंडतेची जादा खूण बंधनकारक असल्यामुळे एड्युरोममधील पडताळणीवर तिचा थेट परिणाम होत नाही. तरीही सर्व्हरांमधील संपर्क टीएलएसच्या आवरणातून नेण्याची रॅडसेक ही पद्धत, जी आरएफसी ६६१४ मध्ये इ.स. २०१२ साली वर्णिली गेली, अधिकाधिक वापरली जावी असा प्रयत्न आहे.

खासगीपणा आणि उत्तरदायित्व

बाह्य सदस्यनाम निनावी ठेवले असल्यास यजमान संस्थेला पाहुणा कोणत्या संस्थेचा आहे एवढेच कळते. तो कोण आहे हे कळत नाही. मातृसंस्थेला मात्र आपला सदस्य केव्हा जोडला गेला हे समजते, तसेच यजमानाने कळवले असल्यास तो कोठे जोडला गेला हेही समजते. यजमान आवारात तो कोणती संकेतस्थळे पाहतो, हे मातृसंस्थेला दिसत नाही, कारण ती वाहतूक तिच्याकडून जात नाही.

गैरवापराची तक्रार आल्यास यजमान संस्था आपल्या नोंदींतून संबंधित वेळ व उपकरण शोधते आणि मातृसंस्था त्या वेळेच्या पडताळणी-नोंदीवरून व्यक्ती निश्चित करते. म्हणजे व्यक्तीचे नाव उघड होण्यासाठी दोन्ही संस्थांच्या नोंदी एकत्र आणाव्या लागतात. यासाठी दोन्हीकडील घड्याळे अचूक असणे व नोंदी ठरावीक काळ जपून ठेवणे सेवेच्या नियमांत अपेक्षित आहे. पाहुण्याला मातृसंस्थेचे आणि यजमान संस्थेचे असे दोन्ही वापरनियम लागू होतात.

वापर

एड्युरोमची मांडणी प्रवासाला निघण्यापूर्वी मातृसंस्थेच्या आवारातच करून पाहावी, असे सहभागी संस्था सुचवतात. मांडणीत चूक असल्यास ती दुरुस्त करून देणारा मदतकक्ष मातृसंस्थेकडेच असतो; यजमान संस्थेला पाहुण्याच्या खात्यात काहीही बदलता येत नाही. योग्य मांडणी आपोआप करून देण्यासाठी कॅट हे साधन आणि गेटएड्युरोम हे मोबाइल ॲप उपलब्ध आहे. या साधनांत वापरकर्त्याने आपली संस्था निवडली की प्रमाणपत्र तपासणीसह सर्व नोंदी उपकरणात बसवल्या जातात.

जोडणी न होण्याची नेहमीची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

• सदस्यनामात संस्थेचे क्षेत्रनाम न लिहिणे. मातृसंस्थेच्या आवारात असे अपुरे नाव काही वेळा चालून जाते, पण बाहेर गेल्यावर विनंती कोठे पाठवायची हे यजमानाला कळत नाही.

• पासवर्ड बदलल्यानंतर उपकरणात जुनाच राहणे. उपकरण तो पुन्हा पुन्हा पाठवत राहिल्याने काही संस्थांत खाते तात्पुरते बंद होते.

• उपकरणातील दिनांक चुकीचा असणे. अशा वेळी वैध प्रमाणपत्रही मुदतबाह्य ठरते.

• मातृसंस्थेने सर्व्हरचे प्रमाणपत्र बदलणे व उपकरणात जुनी नोंद असणे.

• मातृसंस्थेचा सर्व्हर बंद असणे. आवारातील वाय-फाय उत्तम चालू असले तरी अशा वेळी पाहुण्याला प्रवेश मिळत नाही.

भारतातील स्थिती

भारतातील शैक्षणिक नेटवर्कची सुरुवात अर्नेट प्रकल्पाने इ.स. १९८६ मध्ये झाली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे साहाय्य लाभलेल्या या प्रकल्पातील आरंभीच्या आठ सहभागी संस्थांपैकी दोन मुंबईतील होत्या: राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि भारतीय तंत्रज्ञान संस्था मुंबई. इ.स. १९९८ मध्ये अर्नेट इंडिया ही स्वायत्त संस्था झाली. इ.स. २०१० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ज्ञान नेटवर्कने उच्च शिक्षण व संशोधन संस्था वेगवान जोडणीने एकमेकींशी जोडल्या. एड्युरोमच्या भारतीय शाखेचे संचालन अर्नेट इंडिया करते. सहभागी संस्थांमध्ये आयआयटी मुंबईचा समावेश आहे.

भारतात आवारातील वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याच्या प्रश्नाला इ.स. २००८ नंतर विशेष महत्त्व आले. त्या वर्षी जुलै महिन्यातील अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या वेळी दहशतवाद्यांचा ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून पाठवला गेल्याचे तपासात आढळले. पुढील महिन्यातील दुसऱ्या ई-मेलचा माग मुंबईतील एका महाविद्यालयाच्या नेटवर्कपर्यंत पोहोचला. या घटनांनंतर दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २००९ मध्ये वाय-फाय सेवा सुरक्षित करण्याबाबत आणि वापरकर्त्याची ओळख नोंदवण्याबाबत सूचना दिल्या. पुढे मोबाइलवर येणारा एकवेळचा पासवर्ड टाकून जोडणी घेण्याची पद्धत सार्वजनिक ठिकाणी आणि अनेक महाविद्यालयांत रूढ झाली. परदेशातून आलेल्या आणि भारतीय मोबाइल क्रमांक नसलेल्या अभ्यागताची या पद्धतीत अडचण होते. एड्युरोममध्ये ओळखीची हमी मोबाइल क्रमांकाऐवजी मातृसंस्था देत असल्याने ही अडचण येत नाही आणि वापरकर्ता शोधून काढण्याची सोयही कायम राहते.

संलग्न महाविद्यालयांची पद्धत हा भारतातील प्रसाराच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा आहे. महाराष्ट्रातील मुंबई विद्यापीठ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ यांसारख्या विद्यापीठांना शेकडो महाविद्यालये संलग्न असून बहुसंख्य विद्यार्थी त्या महाविद्यालयांत शिकतात. मातृसंस्थेची भूमिका पार पाडण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याचे अद्ययावत डिजिटल खाते, प्रवेश घेताच ते उघडण्याची व शिक्षण संपताच बंद करण्याची व्यवस्था आणि अखंड चालणारा सर्व्हर आवश्यक असतो. निवासी, एकाच आवारात वसलेल्या संस्थांना हे तुलनेने सोपे जाते. विखुरलेल्या महाविद्यालयांत हे काम विद्यापीठाने करावे की महाविद्यालयाने, हे आधी ठरवावे लागते.

मर्यादा

एड्युरोम ही ओळख पटवण्याची व्यवस्था आहे. तिच्यामुळे वाय-फायचा वेग वाढत नाही. भरलेल्या व्याख्यानगृहात एका ॲक्सेस पॉइंटवर अनेक उपकरणे आली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेळ कमी होतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या प्रत्यक्षात तीनच (१, ६ आणि ११) वापरल्या जात असल्याने दाट वस्तीच्या वसतिगृहांत परस्परव्यत्यय होतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाहिन्या अधिक मिळतात, परंतु जाड भिंतींतून त्या लहरी तितक्या पार होत नाहीत. जुन्या दगडी इमारतींत त्यामुळे ॲक्सेस पॉइंट जवळजवळ बसवावे लागतात.

यजमान संस्था काही सेवा रोखून धरू शकते, त्यामुळे एका आवारात चालणारे सॉफ्टवेअर दुसऱ्या आवारात चालेलच असे नाही. कोणत्याही सहभागी संस्थेशी संबंध नसलेल्या व्यक्तीला, उदाहरणार्थ स्वतंत्र अभ्यासकाला किंवा सहभागी नसलेल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला, एड्युरोमचा लाभ मिळत नाही. म्हणून बहुतेक यजमान संस्थांना एड्युरोमबरोबर अभ्यागतांसाठी वेगळे नेटवर्कही चालू ठेवावे लागते. शिक्षण संपल्यावर खाते बंद होत असल्याने माजी विद्यार्थीही सहसा या सेवेच्या बाहेर जातात.

संबंधित सेवा

• एड्युगेन: निरनिराळ्या देशांतील शैक्षणिक ओळख-महासंघांना जोडणारी सेवा. एड्युरोम नेटवर्कमध्ये प्रवेश देते, तर एड्युगेनद्वारे संकेतस्थळे व नियतकालिके यांत मातृसंस्थेच्या खात्याने प्रवेश मिळतो. भारतात गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राचा इन्फेड हा महासंघ या क्षेत्रात काम करतो.

• गव्हरोम: एड्युरोमच्याच धर्तीवर शासकीय कार्यालयांसाठी काही युरोपीय देशांत चालवली जाणारी रोमिंग सेवा.

• ओपनरोमिंग: वायरलेस ब्रॉडबँड अलायन्स या संघटनेची सेवा. शैक्षणिक क्षेत्राबाहेरील वाय-फाय नेटवर्कांनाही ती जोडते.

• पीएम-वाणी: केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेली सार्वजनिक वाय-फाय योजना. तिचा हेतू दुकाने व सार्वजनिक ठिकाणांहून सर्वसामान्य नागरिकांना इंटरनेट उपलब्ध करून देणे हा आहे.

हे सुद्धा पहा

• वाय-फाय
• अलोहानेट
• आयईईई ८०२.११
• रेडियस
• अर्नेट
• राष्ट्रीय ज्ञान नेटवर्क
• सार्वजनिक किल्ली कूटलेखन